विहीर पाहायला गेलेले अण्णासाहेब

अण्णासाहेबांवर मी लिहावं हे धाडसच आहे. कोर्टात त्यांच्याबरोबर आयुष्य काढलेली मोठी मंडळी आहेत, आणि मी त्यांच्या कचेरीत जेमतेम सहा महिने लिहायला होतो. चुकलं तर वाचकांनी पोटात घालावं. पण ते जाऊन इतके आठवडे झाले तरी कुणीच लिहीत नाही, म्हणून...

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बी. ए. झाल्यावर वकिलीचं शिकावं की मास्तरकी धरावी, ते ठरेना. सोलापुरात नव्या पेठेमागच्या त्यांच्या कचेरीत गेलो तेव्हा ते पानाला चुना लावत होते. "बसा, बी. ए. साहेब. आधी बघा वकिली कशी असते. शाळा काही पळून जात नाहीत." त्यांची एक रीत होती. भांडणाची जागा स्वतः पाहिल्याशिवाय ते केस उभी करत नसत. शेताचा बांध असो की पडकी भिंत, तिथं जाऊन उकिडवे बसत. पंचनामा वाचून भागत असताना धोतर कशाला मळवायचं, म्हणून दुसरे वकील हसत.

मार्गशीर्षात कुंभारी गावची गोदाबाई आली. तिचा नवरा विहिरीत सापडला होता. पाय घसरून पडला, असं पंचनाम्यात होतं. पाटलाच्या भावानं ढकलला, असं तिचं म्हणणं. बाकीच्या वकिलांनी तिला परत पाठवलं होतं. अण्णासाहेब म्हणाले, "विहीर बघतो."

"नगा येऊ, सायेब. माझा गेला, तेवढं बास की."

"मग फिर्याद मागं घेतेस?"

"न्हाय."

त्यानंतर कचेरीची हवाच बदलली. नेहमीचे पक्षकार उंबऱ्यातून परतू लागले. समोरच्या कापडदुकानाच्या पायरीवर एक माणूस रोज येऊन बसे. कापड मात्र कधी घेत नसे. अण्णासाहेबांनी त्याला एकदा पान पाठवलं. त्यानं ते खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच... हुसेन टांगेवाला कुंभारीला येईना. "साब, घोडाच नक्को बोलरा."

"घोड्याला विचारलंस की बायकोला?" अण्णासाहेब हसले. हुसेन हसला नाही.

ते चालत गेले, संध्याकाळी परतले. "पायऱ्या चांगल्या रुंद आहेत. रोज उतरणारा माणूस तिथं घसरायचा नाही. तारखेआधी एकदा पुन्हा जाऊन येतो." मी येतो म्हणालो. "तू आधी ठरव, वकील व्हायचंय का. मग विहिरी बघ."

त्याच आठवड्यात मी करकंबला घरी गेलो, आणि तिथंच कळलं. कुंभारीच्या वाटेवर बाभळीखाली ते सापडले. ऊन लागून गेले, असं पंचांनी लिहिलं. पौष महिना होता. आम्ही सकाळी शेकोटी सोडत नव्हतो.

कचेरीला आता कुलूप आहे. मला मात्र त्यांची खोड लागली आहे. परक्या विहिरीशी गेलो की उकिडवा बसून पायऱ्या न्याहाळतो. वडील विचारतात, "काय हरवलं का रं?"

परवा सोलापूर स्टेशनावर हुसेन भेटला. म्हणाला, गोदाबाईला अजून वकील मिळालेला नाही. तारखेला ती एकटीच उभी राहते. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, तुझा वकील कुठं आहे? ती म्हणाली, "सायेबांकडं लिहायला हुता त्यो. करकंबचा. शिकून येतोय की."

कोर्टाबाहेर टांग्याजवळ येऊन पाटलाच्या भावानं हुसेनला माझं नाव विचारलं. हुसेननं सांगितलं नाही. मी खाली लिहितो आहे.

— महादेव, करकंब