घरटी एक हात

चिकलठाण्याच्या जुन्या गावातल्या चर्चमध्ये सालोमीबाईंना कुठलंही पद नव्हतं आणि त्यांच्यावाचून कुठलंही काम होत नव्हतं. प्रभुभोजनासाठी काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, फडक्यातून गाळून रस काढायचा, तो त्यांनी. इवले इवले पेले घासायचे त्यांनी. कुणी अंथरुणाला खिळलं की पहिली भाजीभाकरी जायची त्यांच्या घरून. पण रविवारी ते पेले ताटात मांडून झाले, की बाई वेदीच्या कठड्याबाहेर यायच्या आणि बायकांच्या सतरंजीवर जाऊन बसायच्या. ताट फिरवायचं डीकननं. डीकन म्हणजे मंडळीचा, चर्चच्या सभासदांचा सेवक. सेवा बाईनं केली तरी सेवक म्हणून नाव पुरुषाचंच, अशी तिथली रीत. आणि रीत एकदा पडली की ती का पडली हे विचारणाराच आगाऊ ठरतो.

त्यांचा नवरा बद्रीनाथ असाच डीकन होता. कंपनीतली पाळी संपवून परस्पर आजाऱ्यांच्या घरी जाणारा, मितभाषी माणूस. तो गेला आणि त्याचं काम आपसूक बाईंकडे आलं. मंडळीचा कारभार ठरवणाऱ्या पंचांच्या खोलीतली त्याची खुर्ची मात्र भिंतीला लागून रिकामीच राहिली.

त्रिभुवन पाळक तरुण होते, नव्या विचाराचे होते. ते अधूनमधून विषय काढायचे. "काकू, अगदी पहिल्या मंडळ्यांतसुद्धा सेविका होत्या. तुम्ही डीकन का होत नाही?"

"नको, पाळकसाहेब," बाई हसायच्या. "भाकरी थापायला पदर खोचावा लागतो, खुर्ची नाय लागत."

उत्तर झकास होतं, पण खरं नव्हतं. खरं हे होतं, की ती खुर्ची त्यांना अजून बद्रीनाथची वाटायची. आपण तिच्यावर बसलो तर तो पुरताच गेला, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. असल्या गोष्टी माणूस स्वतःलाही धड सांगत नाही.

दोन हजार सोळाचा उन्हाळा आला. सलग दुष्काळानं मराठवाडा आधीच होरपळलेला, त्यात शहर चहूकडून पसरत चिकलठाण्याच्या शेतांवर चढलेलं. ज्वारीच्या रानात इमारती उभ्या राहिल्या, आणि एकेका इमारतीनं खोल बोअर घेऊन जमिनीतलं पाणी ओढून नेलं. जुन्या गावाच्या विहिरी कोरड्या पडल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. चर्चच्या आवारातल्या जुन्या बोअरला तेवढी करंगळीएवढी धार होती.

त्या बोअरच्या खोलीची किल्ली सालोमीबाईंकडे असे. सकाळी त्या नळापाशी उभ्या राहत आणि रांगेतल्या प्रत्येक घराला दोन हंडे देत. रांगेत मंडळीतली माणसं असत, मेंढरं विकून गावात आलेले धनगर असत, भिंतीपलीकडची जहांआरा असे. कोण कुठल्या देवाचं, हे हंड्यावर लिहिलेलं नसतं.

एका संध्याकाळी कडुबा पंच त्यांच्या दारात आले. "बाई, उद्यापासून मंडळीच्याच घरांना पाणी. पंचांनी ठरवलंय."

"अन् बाकीच्यांनी?"

"बोअर आटला तर आपली लेकरं कुठं जातील? उगं नाय ठरवलं."

कडुबा दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. पण पंच ठरवून मोकळे झाले, आणि उंटावरून शेळ्या हाकल्या तरी शेळ्यांपुढे उभं राहायचं होतं बाईंना.

सकाळी जहांआरानं हंडा पुढे केला. "बाई, सून बाळंतीण हाय. आज एकच दे, पण दे."

"पंचांनी नाय म्हणून सांगितलंय गं."

जहांआरा रागावली नाही. नुसती बाईंच्या हाताकडे बघत म्हणाली, "किल्ली तर तुझ्याकडंच हाय ना?"

त्या दिवशी बाईंनी स्वतःच्या वाटणीचा हंडा तिच्या उंबऱ्यात नेऊन ठेवला. पण रांगेतून परतलेल्या सगळ्यांना त्यांचा एक हंडा कसा पुरणार? आयुष्यभर राबलो, पण 'हो' की 'नाही' ठरवताना आपण सतरंजीवरसुद्धा नव्हतो, हे त्यांना त्या दिवशी लागलं. लई लागलं.

संध्याकाळी त्या पाळकांकडे गेल्या. "पंच बसतात त्या खोलीत डीकनलाबी बसता येतं ना? मग मला डीकन व्हायचंय."

वार्षिक सभेत पाळकांनी नाव मांडलं. कडुबा उठले. "बापजाद्यांनी लोकांचा मार खाऊन ही मंडळी उभी केली. शिस्त मोडली की मंडळी मोडती. बाई चांगल्या हायेत, पण कठड्याच्या आत पुरुषच शोभतो." बऱ्याच माना डोलल्या. सभेची पद्धत होती घरटी एक हात, आणि तो कर्त्या पुरुषानं वर करायचा. हात वर झाले. थोडे कमी पडले.

"झालं," कडुबा म्हणाले.

"नाय झालं," सतरंजीवरून सालोमीबाई उठल्या. "घरटी एक हात ना? मग माझ्या घराचा हात कुठंय? बद्रीनाथ गेला. घर नाय गेलं."

त्यांनी हात वर केला. तो गेल्यापासून त्या घराचा हात कुणी मोजला नव्हता, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मग मागून पारूबाईंचा हात वर आला. या कडुबांच्या विधवा भावजय. त्यांचं घर कडुबा आजवर आपल्याच हातात धरत आले होते. त्यांच्यामागून आणखी एकेक बिनबांगड्यांचा हात वर येत गेला.

कडुबा भावजयीकडे बघत राहिले. मग खाली बसत म्हणाले, "मोजा."

बाई पंचांत बसल्या, बद्रीनाथच्याच खुर्चीवर. वाद मोठा झाला, आवाज चढले. शेवटी ठरलं: घर कुणाचंही असो, हंडा एकच. म्हणजे मंडळीच्या वाटणीचं अर्धं पाणी गेलं.

दुसऱ्या दिवशी रांगेत कुरकुर झाली, आणि या वेळी ती सालोमीबाईंच्या नावानं झाली. त्यांनी ती ऐकून घेतली. जहांआरा भिंतीपाशीच थांबली होती, रिकामा हंडा कमरेवर घेऊन.

"जहांआरा, ये. हंडा लाव."

तिनं बिचकतच हंडा नळाखाली ठेवला. "पंचांनी सांगितलं?"

"व्हय," सालोमीबाई म्हणाल्या. "त्यात मीबी होते."