मधमाश्यांना साखर कशाला?

मंडळी, आज परळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सावंतकाका घरोघरी साखर गोळा करत होते. म्हणे, वादळात त्यांच्या गावच्या मधपाळांचं नुकसान झालंय, मधमाश्यांना साखर द्यायचीय.

मला संशय आलाच. "काका, साखर घालूनच नकली मध बनवतात ना?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी गावी मधमाश्या पाळणाऱ्या त्यांच्या वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. वहिनींनी मधमाश्यांची पेटी उघडून दाखवली. तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता.

"फुलं सगळी झडली, ताई. साखरेचा पाक दिला तर उरलेल्या जगतील."

"आणि मध?" मी तरीही विचारलंच.

"यंदा काढणारच नाय. माझ्या नावाने कोणी विकायला आला, तर घेऊ नका."

मी दोन किलो साखर दिली. तुम्ही न विचारता दिली असती?