गुरुवारची गोळी

गोळ्या सुरू केल्यावर तीन महिन्यांनी केलेल्या रक्ततपासणीचा कागद हातात धरून डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "यांनी गोळ्या घेतल्याच नाहीत."

मी समोरच्याच खुर्चीवर बसले होते. रक्त माझं, हाडं माझी, आणि तक्रार मात्र नवऱ्याकडे. एकही गोळी चुकवली नाही असं मी सांगितलं, तर ते हसले. बायकांना कंटाळा येतो, म्हणाले, आणि तीच गोळी पुन्हा लिहून दिली. नवरा मान डोलावत होता. साकोलीहून गावात येताना मी एस्टीत त्याच्यापासून दूरच्या सीटवर बसले.

गोळी व्हिटॅमिन डीची होती, आठवड्यातून एकदा घ्यायची, आणि तीन महिन्यांनीही रक्तात डी वाढलं नव्हतं. ती मी किती नेमानं घेतली ते माझं मला ठाऊक. कारण मी घाबरले होते. वय पन्नास, पाळी बंद होऊन दोन वर्षं झालेली. अंगणवाडीत पोरांसोबत खाली बसले की उठताना भिंत धरावी लागायची. घरी खाटेवर सासू होती. वर्षभरापूर्वी मोरीजवळ तिचा पाय घसरला, खुबा मोडला, आणि ऑपरेशन होऊनही ती पुन्हा चालली नाही. तिची कूस बदलताना दर वेळी माझ्या मनात एकच यायचं, की या खाटेवर पुढचा नंबर माझा आहे.

मी सेविका आहे. गावातल्या पोरांना व्हिटॅमिन एचा डोस देतात तेव्हा नर्सबाई चमचा धरतात आणि मी पोरं धरते. गरोदर बाई, बाळंतीण, सहा वर्षांपर्यंतचं लेकरू, वयात आलेली पोरगी, सगळ्यांसाठी माझ्या रजिस्टरात रकाने आहेत. पन्नाशीच्या बाईला रकाना नाही. पोट पिकायचं थांबलं की बाई कागदावरून उतरते. इतकी वर्षं मी ते रजिस्टर भरत आले आणि ही गोष्ट मला कधी खटकली नाही, याचाही मला आता राग येतो.

दुसऱ्या दिवशी लसीकरण होतं. पोरं पांगल्यावर मी नर्सबाईंना रिपोर्ट दाखवला. त्या माझ्याहून वयानं लहान, पण डोकं शांत. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "ताई, गोळी कायच्या संग घेतली?"

"काळ्या चहासंग. गुरुवारी. उपास रायते ना."

"उपाशी पोटी?" त्यांनी विचारलं. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. आठवड्यातून एकच गोळी, मग लक्षात राहणारा वार कोणता, तर उपासाचा. अंघोळ, देवपूजा, मग गोळी. आमच्याकडे उपाशी पोटी घेतलेलं औषध लवकर लागू पडतं असंही मानतात. दिवसभर काळा चहा, एखादं केळं, आणि दिवेलागणीला उपास सोडायचा. म्हणजे माझ्या पोटात तेलातुपाचा थेंब नसायचा, नेमका तोच दिवस मी निवडला होता.

नर्सबाईंनी सांगितलं, की ए, डी, ई आणि के ही चारही व्हिटॅमिनं चरबीत विरघळणारी आहेत. जेवणात थोडं तेल, तूप, दूध असलं तर ती नीट अंगी लागतात, नाहीतर बरीचशी वाया जातात. एकट्या उपासानंच रिपोर्ट असा आला असं त्या म्हणाल्या नाहीत. पण आधी जेवणावर घेऊन बघा, म्हणाल्या.

हे मला ठाऊक होतं. तोंडात मारल्यासारखं झालं ते त्यामुळेच. गावातल्या आयांना मीच सांगते, की लेकराची भाजी नुसती उकडू नका, तेलात परता, तरच अंगी लागते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण डॉक्टरांना हा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता? उन्हात बसत जा, एवढं मात्र त्यांनी आवर्जून सांगितलं. भाताची रोपं लावणाऱ्या रोवण्याच्या बाया पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, डोक्याला फडकं बांधून दिवसभर चिखलात वाकतात, ऊन लागतं ते कापडाला. त्यांनाही ते हेच सांगत असतील.

घरी आले आणि फडताळातला तुपाचा डबा काढला. घरची म्हैस, दूध मी काढते, साय मी धरते, लोणी मी कढवते. आणि खातं कोण? नवऱ्याच्या भातावर चमचा, पोराच्या भातावर दोन. कढईला लागलेली बेरी माझी, तीही कोणी मागितली नाही तर. लग्न होऊन आले तेव्हा सासूनंच सांगितलं होतं, की तूप पुरुषाच्या अंगी लागते. मी ते कायदा असल्यासारखं पाळलं. लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात कोरडाच गिळत आले, वर पुन्हा उद्या येणाऱ्या सुनेनं तसंच करावं अशी अपेक्षाही ठेवून बसले असते.

शुक्रवारी दुपारी सगळ्यांसोबत माझंही पान मांडलं. आधी माझ्या भातावर तूप घेतलं, चार घास खाल्ले आणि गोळी घेतली. नवरा म्हणाला, "ह्या वयात तूप कायले पायजे तुले?"

मी म्हटलं, ह्याच वयात पाहिजे. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी माझी तक्रार तुमच्याकडे केली, तर मान डोलावू नका. माझा आवाज चढला असणार, कारण पोरगा मान खाली घालून भात चिवडू लागला. नवऱ्यानं डबा माझ्याकडे सरकवला. समजून की भांडण टाळायला, ते मी विचारलं नाही.

मग सासूचं ताट घेऊन खाटेपाशी गेले. तिच्या भातावर चमचाभर तूप घातलेलं होतं. तूप न खाल्ल्यानंच तिचं हाड मोडलं असं मी म्हणणार नाही, तेवढं मला कळतं. तिनं ते पाहिलं आणि ताटावर हात आडवा धरला. "मले कायले? पोराले वाढ."

मी तिचा हात बाजूला केला आणि घास कालवून तोंडाशी नेला. तिनं खाल्ला. दुसरा खाल्ला. ताट संपलं तेव्हा तिनं डोळे मिटूनच विचारलं, "अखीन हाये काय?"

अठ्ठावीस वर्षं मी या घरात आहे. या बाईनं कधी काही दुसऱ्यांदा मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण भात आणायला उठले ती रागातच, कारण एवढं मागायला या बाईला आधी खाट धरावी लागली होती.