उघडी खिडकी आणि स्वस्त काटा

"फ्राऊ पेंडसे, मला एवढंच सांगा. तुमचा काटा चुकतोय, की मी?"

हेर लोमान (फ्राऊ म्हणजे जर्मनमधलं श्रीमती आणि हेर म्हणजे श्रीयुत) यांनी फोनवर प्रकृतीची चौकशी, हवापाणी वगैरे काही न करता थेट हेच विचारलं. माझ्यासमोर टेबलावर त्यांचाच वजनकाटा होता. आदल्या आठवड्यात त्यांनी तो आमच्याकडे तपासायला पाठवला होता. मी तो सगळ्या बाजूंनी तपासला होता आणि त्यात काहीही सापडलं नव्हतं.

"काटा बरोबर आहे," मी म्हटलं.

"आल्झो, असं आहे तर," ते म्हणाले. "म्हणजे मीच. माझी मुलगी हेच म्हणत होती. पुढच्या महिन्यात परवाना रिन्यू करायचाय. चूक माझी असेल तर मी अर्जच करणार नाही. उगाच कुणाला इजा व्हायला नको."

हॅनोव्हरजवळच्या एका छोट्या कंपनीत मी क्वालिटी बघते. आम्ही नेमबाजांसाठी काडतुसं पुन्हा भरायची साधनं विकतो. इथे गावोगावी नेमबाजीचे क्लब आहेत. काडतूस उडालं की त्याची पितळी पुंगळी उरते. ती फेकून न देता साफ करायची, नवा प्राइमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायची, मोजून पावडर घालायची आणि वर गोळी बसवायची. याला इथे वीडरलाडेन म्हणतात. कोर्स, परीक्षा आणि सरकारी परवाना असल्याशिवाय ते करता येत नाही. करणारे बहुतेक निवृत्त, शांत, नीटनेटके लोक असतात. आमच्याकडच्या भरतकाम करणाऱ्या आज्यांची मला त्यांना पाहून आठवण येते.

यात पावडरचं वजन ही सगळ्यात नाजूक गोष्ट. ते ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे तांदळाचे साधारण तीन दाणे. काट्याने त्याचा दहावा हिस्सा दाखवायला हवा. पावडर जास्त पडली तर बंदुकीतला दाब वाढतो, आणि ती बंदूक माणसाच्या गालाला टेकलेली असते.

आम्ही गेल्या वर्षी नवशिक्यांसाठी एक स्वस्त मालिका काढली. दाबून गोळी बसवायची प्रेस, साचे, पावडर टाकायचं यंत्र आणि डिजिटल काटा. स्वस्त म्हटलं की लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. प्रेस म्हणजे एक दांडा आणि एक चौकट. ती ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमची केली तर वजन घटतं आणि काम तेच होतं. महिन्यातून एकदा वापरणाऱ्याला ती जन्मभर पुरते. रंग साधा, खोका साधा, चालतं. प्रत्येक वस्तूतून काय काढलं आणि काढल्यावर काय तपासलं, याची माझ्याकडे यादी असते. काट्यातून दोन गोष्टी काढल्या होत्या: वरचं पारदर्शक झाकण, आणि तापमान बदललं तरी वजन सांभाळून घेणारा एक महाग भाग. लॅबमध्ये दोन्हींशिवाय काटा चोख चालला होता.

हेर लोमान आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. पूर्वी त्यांच्याकडे दांडीचा जुना काटा होता. त्याच्यावरच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या म्हणून तो क्लबातल्या मित्राला देऊन त्यांनी आमचा डिजिटल घेतला. थंडीत एकदा शंका आली म्हणून त्यांनी भरलेली काही काडतुसं उघडली आणि त्या मित्राकडून त्याच जुन्या काट्यावर पावडर पुन्हा मोजून घेतली. काही बरोबर होती. काहींत पावडर जास्त होती.

मी फोन ठेवला आणि थॉर्स्टेनकडे गेले. थॉर्स्टेन माझा बॉस. मी त्याला अरे-तुरे करते, तोही मला मेधा म्हणतो. इथे तशीच रीत आहे, पण पुण्याला सांगितलं तर अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

"काटा बरोबर आहे ना? मग विषय संपला," तो म्हणाला.

"नाही संपला. ऑक्टोबरनंतर अजून दोघांनी लिहिलंय, आकडे स्थिर राहत नाहीत म्हणून."

"आजोबा आहेत, मेधा. चष्मा विसरले असतील."

"तिघेही?"

त्याने कपाळ चोळलं. "विकलेले सगळे काटे परत मागवले तर ही मालिका बंद करावी लागेल. तुला माहितीये."

"आणि कुणाच्या गालापाशी बंदूक फुटली तर?"

त्याने स्क्रीनवर विक्रीचे आकडे उघडले. एकदा ते पाहिले. मग म्हणाला, "विक्री थांबवतो. तू कारण शोध. पण कारण शोध हां, नुसती भीती नको."

थॉर्स्टेनमधली ही गोष्ट मला आवडते. कुरकुरतो, पण थांबवतो.

मी संशयितांची यादी केली. उतरलेली बॅटरी. शेजारी ठेवलेला मोबाइल. डोक्यावरचा एलईडी दिवा. हलणारं टेबल. प्लॅस्टिकच्या भांड्यातली स्थिर वीज. एकेक करून सगळं लॅबमध्ये करून पाहिलं. टेबल तर मी मुद्दाम लाथा मारून हलवलं. काटा क्षणभर थरथरायचा आणि पुन्हा बरोबर आकड्यावर यायचा. शेवटच्या ओळीवर काट मारली आणि हातात काहीच उरलं नाही.

अशा वेळी आमच्या धंद्यात एकच गोष्ट करायची असते. वस्तूत दोष सापडत नसेल तर ती जिथे वापरतात तिथे जायचं. मी हेर लोमानना फोन करून शनिवारी येऊ का, असं विचारलं.

"काटा बरोबर असताना?" ते म्हणाले.

"हो. तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी नुसती बघते."

घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. श्रीकांत फोडणीचा वास जावा म्हणून स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडून बसला होता.

"स्वस्तातला काटा विकायचा आणि वर शनिवारी त्या आजोबांकडे चहाला जायचं," तो म्हणाला. "छान आहे तुमची कंपनी."

"चहाला नाही चाललेय. आणि लाव रे ती खिडकी, गारठले मी."

"वर्षानुवर्षं इथे राहून तुला अजून लुफ्टेन जमत नाही. भिंतीला बुरशी आली की घरमालक मला बोलतो, तुला नाही."

लुफ्टेन म्हणजे घरात हवा खेळवणं. इथे तो जवळजवळ धर्म आहे. कडाक्याच्या थंडीतही रोज खिडक्या उघडायच्या, समोरासमोरच्या असतील तर फारच उत्तम. भाडेकरारातही तसं लिहिलेलं असतं. मी गेली कित्येक वर्षं त्यात नापास होत आलेय.

शनिवारी हॅनोव्हरच्या पलीकडच्या त्यांच्या गावी पोचले तेव्हा बागेतलं गवत गोठून पांढरं झालं होतं. हेर लोमान इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. तळघरात त्यांची हॉबीची खोली. एका बाजूला बागेत उघडणारं दार, समोरच्या भिंतीला खिडकी, मध्ये कामाचं टेबल. हीटर चालू होता, खोली उबदार होती. प्रत्येक हत्याराची जागा भिंतीवर पेन्सिलने आखलेली. असली खोली बघून मला बरं वाटतं.

टेबलावर आमचं मॅन्युअल होतं. त्यांनी ते लॅमिनेट केलं होतं.

"तुम्ही हे वाचता?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मॅन्युअल वाचलेला ग्राहक मी क्वचितच पाहिला होता.

"वाचत नाही. पाळतो," ते म्हणाले.

मी त्यांचा काटा परत नेला होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, पातळी बघितली, चालू केला. मग काट्याबरोबर येणारं छोटं प्रमाण वजन चिमट्याने उचलून ठेवलं आणि काटा जुळवून घेतला. आकडा अगदी बरोबर. त्यांचा हात जराही थरथरत नव्हता. चष्मा नाकावर होता. माझ्या मनात आलं, या माणसाची चूक नाही. आणि काट्याचीही नसेल, तर मग काय?

हेर लोमाननी मॅन्युअलच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं, उठले, खुंटीवरचं जाड जॅकेट अंगात चढवलं, आणि आधी बागेचं दार आणि मग समोरची खिडकी पूर्ण उघडली. जानेवारीचा वारा टेबलावरून सरळ आरपार गेला.

"हे काय करताय?"

"का? लिहिलंय ना." त्यांनी वाचून दाखवलं, "पावडरचा डबा उघडण्यापूर्वी आणि काम संपेपर्यंत खोली पूर्ण हवेशीर ठेवा."

"तुम्ही दर वेळी असंच करता?"

"गेनाऊ, अगदी असंच. दर वेळी. फक्त फार पाऊस असला तर खिडकी थोडी ओढून घेतो."

पावसाच्या दिवशी वारा फारसा आत आला नसणार, म्हणूनच काही काडतुसं बरोबर निघाली होती. मी काट्याकडे पाहिलं. रिकाम्या काट्यावरचा आकडा इकडेतिकडे होत होता. तो वारा. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. थोड्या वेळाने मी प्रमाण वजन पुन्हा ठेवलं, तर काटा ते कमी दाखवत होता. खोली गार होत चालली होती, तसा काटाही गार होत होता आणि हळूहळू सरकत होता. काटा कमी दाखवतो म्हणजे समोरचा माणूस अजून पावडर घालतो. लॅमिनेट केलेल्या मॅन्युअलबरहुकूम.

"दार लावा," मी म्हटलं. "खिडकीपण."

हीटरने खोली पुन्हा तापली. प्रमाण वजन पुन्हा बरोबर आलं. मग दार-खिडकी परत उघडायला सांगितली. परत घसरलं. मग शेल्फावरचा नाताळच्या बिस्किटांचा पारदर्शक डबा रिकामा करून काट्यावर पालथा घातला. आकड्याची चुळबुळ तिथल्या तिथे थांबली, घसरणंही खूप मंदावलं.

आमच्या लॅबला उघडणारी खिडकीच नाही. तिथलं तापमान वर्षभर वीस अंशांवर धरलेलं असतं. मोजमापाच्या लॅबमध्ये ते तसंच असायला लागतं. काटे विकायला सुरुवात केली ती उन्हाळ्यात, तेव्हा बाहेरची हवाही उबदार होती. थंडी पडली आणि आमच्या सगळ्यात आज्ञाधारक ग्राहकांचे काटे चुकायला लागले. मॅन्युअल न वाचणाऱ्यांचे बरोबर चालत होते.

हेर लोमान इतका वेळ बिस्किटं हातात धरून उभे होते.

"म्हणजे मी नाही," ते म्हणाले.

"तुम्ही नाही. आमचं मॅन्युअल आणि आमचं काढून टाकलेलं झाकण. तुमचा हात माझ्याहून स्थिर आहे."

ते खुर्चीवर बसले. बिस्किटं टेबलावर ठेवली, मग त्यातलं एक मला दिलं. मग खिशातून फोन काढून मुलीला लावला, दोन वाक्यं बोलले आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. माझं ती ऐकत नाही."

"खरंच बाबांची चूक नाही?" पलीकडून मुलगी म्हणाली. "की तुम्ही त्यांचं मन राखताय?"

"मी मन राखायचा पगार घेत नाही," मी म्हटलं. "काटा गार हवेत चुकतो. बाबांनी मॅन्युअलमध्ये सांगितलेलं सगळं केलं, हीच अडचण झाली."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी. "तसे आहेतच ते."

बाहेर पडल्यावर बसस्टॉपवरून थॉर्स्टेनला फोन करून सगळं सांगितलं.

"खिडकी?" तो म्हणाला.

"खिडकी."

"पण ते हवेशीरचं वाक्य मीच घातलं होतं. सेफ्टीसाठी!"

"माहितीये. आणि लोकांनी ते पाळलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "काटे फेकावे लागणार?"

"नाही. झाकण परत बसवायचं, आणि मॅन्युअलमधला क्रम बदलायचा. आधी हवा खेळवा, मग खिडक्या लावा, खोली आणि काटा ऊबेला येऊ द्या, मग काटा जुळवा, आणि काम चालू असताना प्रमाण वजन अधूनमधून पुन्हा ठेवून बघा. पण तोवर सगळ्यांना आजच कळवायचं, काटा वापरू नका म्हणून. आणि थंडीत भरलेलं एकही काडतूस उडवायचं नाही, उघडून पावडर पुन्हा मोजायची."

"आजच?"

"आज, थॉर्स्टेन."

त्याने त्याच दिवशी कळवलं. काडतुसं उघडून मोजलेल्या काहींना खरंच जास्त पावडर सापडली. पण कुणालाही काही झालं नव्हतं. शेवटच्या ग्राहकाचं उत्तर येईपर्यंत मी धड झोपले नाही, आणि आल्यावर मात्र रविवारी दुपारपर्यंत झोपले. झाकणं तयार होऊन सगळ्यांना फुकट गेली. काट्याची किंमत थोडी वाढली. मालिका चालू राहिली. हेर लोमाननी परवान्याचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. नव्या मॅन्युअलची त्यांनी आधीच एक जादा प्रत मागून घेतली आहे, लॅमिनेशनसाठी.

आता नवीन काटा आला की मी तो लॅबनंतर आमच्या मागच्या गोडाऊनमध्ये नेते. तिथे दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. जॅकेट घालून, दोन्ही सताड उघडून मी काम करते. श्रीकांतचा टोमणा थॉर्स्टेनला मीच सांगितला होता; परवा तो दारात थांबून म्हणाला, "बघा, मेधाला शेवटी लुफ्टेन जमलं."

स्वस्त माल वाईट असतो असं माझं मत अजूनही नाही. त्यातून काय काढलं, हे विकणाऱ्याला माहीत असतं. ते कुठे लागणार होतं, हे मात्र घेणाऱ्याच्या खोलीत जाऊनच कळतं. जाताना स्वेटर न्यावा.