साडूंचा आग्रह कोरियाला जातो

आमच्या थोरल्या साडूंच्या घरून अर्धपोटी परतलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला अजमानला, नोकरीला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कारखान्यात, आणि आयुष्याचं खरं काम म्हणजे समोरच्याला वाढणं. त्यांच्या शास्त्रानुसार पहिलं 'नको' ही रीत असते, दुसरं 'नको' ही लाज असते आणि तिसऱ्या 'नको'चा अर्थ माणूस सकाळपासून उपाशी आहे. चौथ्यांदा 'नको' म्हणायची ताकद कुणाच्या अंगात उरल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. एकदा ऐन जुलैत त्यांचा एसी बंद पडला आणि दुरुस्तीला एक पठाण आला. त्याला आधी थालीपीठ मिळालं, मग त्यावर लोणी मिळालं, मग तवा तापलेलाच आहे म्हणून आणखी दोन थालीपिठं मिळाली. तो तिथंच भिंतीला टेकून झोपी गेला. घरातली माणसं घामानं निथळत होती आणि साडू सगळ्यांना हळू आवाजात बजावत होते की त्याला उठवू नका, दमलाय बिचारा. दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला आणि एसीच्या आधी स्वयंपाकघराकडे बघून घेतलं.

कारखान्यातही तोच प्रकार. त्यांच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, मॅनेजरला डॉक्टरनं वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा साडूंनी ती जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. हलकं खायचं असेल तर उपवासाचं खावं, असं म्हणून त्याच्यासाठी रोज वेगळा डबा नेऊ लागले. त्यात तुपातली साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, त्यावर दाण्याची आमटी आणि रताळ्याचा गोड कीस. मॅनेजर हात जोडून "हबीबी, खलास, खलास" म्हणायचा आणि साडू हे पहिलं 'नको' समजून पुढचा चमचा वाढायचे. महिनाभर असा कडक उपवास केल्यावर त्या भल्या माणसाला नव्या विजारी शिवाव्या लागल्या. गंमत म्हणजे साडू स्वतः चिमणीएवढं खातात. वाढता वाढताच त्यांचं पोट भरत असावं.

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीनं, म्हणजे आमच्या भाचीनं, कोरियाला शिकायला जायचं ठरवलं. कोरियन मालिका बघून बघून ती तिथली भाषा फडाफडा बोलायला लागली होती आणि सोलच्या एका विद्यापीठानं तिला प्रवेशही दिला होता. साडूंनी कडाडून विरोध केला. थंडी फार आहे म्हणाले, लांब फार आहे म्हणाले, मधेच कुठूनसा शेजारचा देश भांडकुदळ असल्याचाही एक आक्षेप काढला. पण हे सगळं वरवरचं होतं. खरा प्रश्न त्यांनी एका संध्याकाळी मला दुबईच्या खाडीवर, अब्रा नावाच्या होडीत बसल्यावर विचारला: "तिथं तिला वाढणार कोण?" त्यांना चिंता जेवणाची नव्हती, जेवण काय विकतही मिळतं. पण पोरगी पहिल्यापासून लाजाळू. कुणी विचारलं तर 'नको' म्हणणार, समोरचा ते खरं मानणार आणि पोर उपाशी उठणार. शेवटी ताईनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, तोडगा काढला. सगळे मिळून जाऊन बघून येऊ आणि परत निघायच्या आत साडूंनी हो की नाही ते सांगायचं. भाचीनं मान्य केलं. तिचं सगळं भवितव्य आता बापाच्या जेवणांवर अवलंबून होतं आणि ती धास्तावून बापाच्या तोंडाकडे बघत विमानात बसली. आम्ही दोघं नवरा-बायको साक्षीदार म्हणून गेलो.

सोलमधल्या पहिल्याच खानावळीत टेबलावर न मागता दहाबारा वाट्या येऊन पडल्या. कोबीचं तिखट लोणचं, मुळ्याच्या फोडी, मोड आलेलं कडधान्य, पालक, बारीक सुकी मासळी. साडू त्या सगळ्या वाट्या मोजून म्हणाले, "ही तर सगळी ताटाची डावी बाजू झाली. उजवी कुठाय?" उजवी बाजूही आली. एका बाईनं समोरच्या शेगडीवर मांस भाजलं आणि शिंप्यासारखी मोठी कात्री काढून त्याचे तुकडे केले. साडूंना चव आवडली. लोणच्याला तर त्यांनी मनापासून दाद दिली. रिकामी वाटी लगेच भरली जाते हेही त्यांनी पाहिलं. पण रात्री त्यांनी निकाल दिला तो प्रतिकूल. हे लोक भरतात, पण आग्रह करत नाहीत. भाचीचा चेहरा एवढासा झाला.

मग आम्ही डोंगर चढायला गेलो. तिथं साठीसत्तरीची माणसंसुद्धा काठ्या घेऊन, टोप्या आणि हातमोजे घालून हिमालयावर निघाल्यासारखी चढत असतात. साडू पहिल्या कातळावर बसले आणि पिशवीतून बेसनाचे लाडू काढून येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटू लागले. एका म्हाताऱ्या गृहस्थानं लाडू खाल्ला आणि परतफेड म्हणून काकडी दिली. साडूंनी दुसरा लाडू दिला, त्यानं संत्रं दिलं. साडूंनी चकली काढली, त्यानं थर्मास उघडला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि माघार कुणीच घेत नव्हतं. शिखर राहिलं बाजूला. खाली उतरताना भाचीनं आशेनं विचारलं, "बाबा, पीपल आर नाइस, राइट?" साडू म्हणाले की माणसं चांगलीच आहेत, पण हे पाहुण्याला देणं झालं, रोजच्या माणसाला कोण देतं ते बघायचं.

शेवटचा मुक्काम डोंगरातल्या एका बौद्ध मठात होता. लाकडी छपरांवर हिरव्यातांबड्या रंगांची नक्षी, अंगणात देवदारासारखी उंच झाडं आणि अशी शांतता की माझ्या बायकोलाही हळू बोलावंसं वाटलं. साडूंनी बुद्धाला साष्टांग नमस्कार घातला, दोन प्रदक्षिणा घातल्या आणि प्रसाद कुठे मिळतो याची चौकशी केली. प्रसाद नव्हता, जेवण होतं आणि त्या जेवणाचे नियम होते. सगळ्यांनी ओळीनं मांडी घालून बसायचं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, बस झालं की हातानं खूण करायची आणि वाडग्यात घेतलेलं शीतन्‌शीत संपवायचं. शेवटी वाडगं पाण्यानं धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचं. हे सगळं ऐकून साडूंना आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. नियम सांगणाऱ्या भिक्षूंनी पुढे विचारलं की भात वाढायला पाहुण्यांपैकी कुणी येईल का. भाचीनं बापाचा सदरा मागून घट्ट धरला होता, पण तो सुटला.

पुढचा प्रसंग मी जन्मात विसरणार नाही. साडू भाताची लाकडी बादली घेऊन पंगतीतून निघाले. पहिलं एक जर्मन जोडपं होतं. त्यांनी बस झाल्याची खूण केली. साडूंनी ती बघितली, प्रेमानं हसले आणि आणखी एक डाव वाढला. बोलायला बंदी, टाकायला बंदी, त्यामुळे पंगतीत कुणालाही सुटकेची वाट उरली नव्हती. जर्मन बाईनं दोन्ही हातांनी खूण केली, तर तिला दोन वेळा वाढलं. मला वाढलं, ताईला वाढलं आणि बघता बघता खुद्द भिक्षूंच्या वाडग्यातही ढीग केला. त्यांनी एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा साडूंकडे पाहिलं, डोळे मिटले आणि खायला सुरुवात केली. त्यांच्या साधनेची इतकी कठीण परीक्षा क्वचितच झाली असेल. जेवण संपायला इतका उशीर झाला की पुढच्या प्रार्थनेची घंटा देणारा माणूस दोनदा दारातून डोकावून गेला.

भाची मान खाली घालून बसली होती. बापाची बादली जवळ आली तेव्हा तिनं वाडगंच मांडीखाली घेतलं. तिच्या वाट्याला सुरुवातीचे चार घास तेवढे आले होते. आता सगळं संपलं, बाबा काही हो म्हणणार नाहीत आणि आपणही इथं कुणाला तोंड दाखवू शकणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला तिची फार दया आली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ॲप्रन बांधलेली एक वाकलेली म्हातारी आली. ती थेट भाचीसमोर येऊन बसली. तिनं मांडीखालचं वाडगं बाहेर काढायला लावलं, तेव्हा भाचीनं त्यावर हात आडवा धरला. म्हातारीनं तो हात सरळ बाजूला सारला, भात वाढला, त्यावर भाजी वाढली, सगळे नियम धाब्यावर बसवून काहीतरी पुटपुटली आणि पोर पहिला घास घेईपर्यंत तिच्या पाठीवर थोपटत राहिली. भाची निमूट जेवली, वर आणखी एकदा वाढलं तेही जेवली. साडू रिकामी बादली हातात घेऊन हे सगळं बघत उभे होते.

सकाळी मठाच्या पायऱ्यांवर त्यांनी लेकीला विचारलं की काल ती आजी काय म्हणाली. "शी सेड ईट, यू आर टू थिन," भाची म्हणाली. "बाबा, शी सेज दॅट टू एव्हरीवन." साडूंनी एकदा मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग ताईकडे बघून म्हणाले, "जाऊ दे हिला. इथं हात बाजूला सारणारं माणूस आहे." भाचीनं तिथंच त्यांना मिठी मारली. विद्यापीठ त्या मठापासून बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे हे मी सांगणार होतो, पण बायकोनं मला वेळेवर चिमटा काढला. आता वाटतं, साडूंनाही ते माहीत असणार.

भाची गेली, तिकडे रुळली. परवा रविवारी दुपारी आम्ही अजमानला जेवायला गेलो होतो. घर तेच, आमटी तीच, चवही तीच. साडूंनी एकदा वाढलं, मी सवयीनं 'नको' म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि पातेलं खाली ठेवलं. तिकडे आत्ता रात्रीच्या जेवणाची वेळ, एवढंच बोलले आणि भाचीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मीच म्हणालो, "साडूभाऊ, थोडी आमटी वाढा." त्या घरात मागून घेण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. त्यांनी लगेच वाढली, अगदी मागितली तेवढीच.