गोड्या पाण्याचा हट्ट

जमिनीवर आमच्या नाशिककर काकांइतका अविश्वास जगात दुसऱ्या कुणी दाखवला नसेल, आणि याच माणसाने कुवेतमध्ये माती तपासण्यात उभा जन्म घालवला. आमच्या लॅबमधले ते सर्वांत जुने इंजिनिअर. खुर्चीत बसण्याआधी ती दोनदा दाबून बघायचे. शहरातल्या दस्मान भागात कुणाच्या भिंतीलगत बागेचा नळ चालू दिसला, तर न विचारता आत शिरून बंद करायचे. "इथली माती सुकली की दगड, भिजली की शिरा," म्हणायचे. मिठाने धरून ठेवलेली माती पाण्यात मीठ विरघळलं की सुटते, म्हणून प्रत्येक नमुना बारा वेळा भिजवायचा, बारा वेळा सुकवायचा आणि मगच दाबून त्याची ताकद मोजायची, हा त्यांचा नेम. आठवडेच्या आठवडे जात. आम्ही अगदी वैतागून जायचो.

एका शाळेच्या जागेची माती आली. मी इतका कंटाळलो होतो, की गोडं पाणी आणायला न जाता साइटवरून आलेल्या पिंपातलं खारं पाणीच नमुन्यांना घालत राहिलो. दर सुकण्याला त्यांच्यात मीठ वाढत गेलं आणि आकडे झकास आले. मॅनेजर खूश. काकांनी नमुन्याला जीभ लावली. ही त्यांची आणखी एक सवय.

"काय रे, लोणचं घातलंस का? शाळेचे नळ गळतील ते गोड्या पाण्याचे. पुन्हा पहिल्यापासून कर."

मॅनेजर म्हणाले, "साहब, साइन कर दीजिए. आपका इकामा भी तो रिन्यू होना है."

"पहले मिट्टी सूखने दीजिए," काका म्हणाले.

त्यांनी सही केली नाही आणि त्यांच्या राहण्याच्या परवान्याची मुदत काही वाढली नाही. चूक माझी, जाणार ते. याची लाज मला अजून वाटते. गोड्या पाण्याचे बारा फेरे मी एकही न चुकवता केले आणि खरे आकडे घेऊन फरवानियातल्या त्यांच्या खोलीवर गेलो. ते खोक्याला दोरी बांधत होते.

"काका, तुमचंच खरं. निम्मीसुद्धा ताकद उरली नाही. रिपोर्टवर मी सही केली."

मला वाटलं, आता तरी हसतील. दोरी हातात तशीच धरून ते खाली बसले.

"अरेरे," म्हणाले. "या खेपेला माती टिकेल, असं वाटलं होतं रे मला."