अंगणातला मूरघास
मक्याच्या मूरघासाची, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची, पिशवी उघडली की आंबूस-गोड वास येतो, आणि मला उमापूरकडचा आमचा गोठा आठवतो. घराण्यातला पहिला पदवीधर मी, चाऱ्याच्या संशोधनात नोकरीला लागलेला. प्रयोगाला गावात कुणी गाय देईना, तेव्हा आईनं आधी आमची दिली, मग बाकीचे आले. चिठ्ठ्या टाकून निम्म्या गाईंना मूरघास आणि निम्म्यांना नुसता कडबा द्यायचं ठरलं. आमच्या गाईला कडबा निघाला; मूरघासाच्या पिशव्या मात्र आमच्याच अंगणात रचलेल्या. ऐन उन्हाळ्यात गाय दावं ताणून हंबरायची, दूध आटत चाललेलं. आई म्हणाली, "एक घमेलं टाक की तिच्याम्होरं. कोण बघतंय?" "दिलं तर सगळा प्रयोग खोटा पडंल, आई." "मंग साहेब, तुमीच सांगा तिला समजावून." कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "आमची तर लई आवडीनं खातीय." मी घमेल्याला हात लावला नाही. आईनं गाईचं तोंड भिंतीकडं करून तिला बांधलं. आता शेतकरी मेळाव्यात मी पडद्यावर दुधाच्या दोन रेघा दाखवतो. लोक वर चढणाऱ्या रेघेकडं बघतात. खालच्या रेघेत आमची गाय आहे, आणि ती खाली गेली म्हणूनच वरची खरी ठरली.